मालकाचा पासवर्ड

बाबांचा हात आधी यायचा आणि आवाज मागून. इतर घरांत आधी आरडाओरडा होतो, मग मारामारी, आणि मधल्या वेळात माणसाला बाजूला व्हायला थोडी सवड मिळते. आमच्याकडे ती सवड नव्हती. भाजीत मीठ जास्त झालं, वेटरने भलत्याच टेबलावर डाळ नेली, दादाने गॅसची टाकी वेळेत बदलली नाही, की आधी फटका बसायचा आणि तो कशाबद्दल होता ते नंतर कळायचं. कधी कधी कळायचंही नाही. आई म्हणायची, "कारण विचारू नकोस. कारण सांगताना दुसरा बसतो."

गुजरातच्या हद्दीवर, अच्छाडला चेकपोस्टच्या अलीकडे, हायवेला लागून आमचा ढाबा होता आणि ढाब्याच्या पाठीमागे पत्र्याच्या दोन खोल्या, तेच आमचं घर. बाबा मूळचे झाईचे. तिथे आजोबांची चिकूची वाडी होती. वाटणीच्या बोलण्यात बाबांनी थोरल्या काकांना कोयत्याच्या मुठीने असं मारलं की काकांचा एक डोळा गेला, आणि त्या दिवसापासून आजोबांनी बाबांना वाडीत पाय ठेवू दिला नाही. ही हकीकत घरात कुणी लपवून ठेवली नव्हती. बाबाच ती गिऱ्हाइकांना सांगायचे, बिडी ओढत, हसत, एखाद्या कबड्डीच्या मॅचबद्दल सांगावं तशी. ऐकणारे ड्रायव्हरही हसायचे, पण त्यानंतर भाजी गार आहे अशी तक्रार कुणी करायचं नाही.

त्या जागेचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. रांगेत सरकणाऱ्या ट्रकांच्या एअर ब्रेकचा फुस्कारा, शेजारच्या पंक्चरवाल्याचा रिमवर पडणारा घण, जनरेटरची धडधड, आणि गुजराती, हिंदी, पंजाबी, आमची मराठी अशा सगळ्या भाषांत एकदमच चालणारी भांडणं. एकदा शाळेतून येताना एका क्लीनरच्या डोक्यात जॅकची दांडी बसलेली मी बघितली. डांबरावर पडलेलं रक्त लाल दिसत नाही, गाडीतून गळलेल्या तेलासारखं काळपट दिसतं. कुणीतरी त्यावर माती टाकली, ट्रक पुढे गेला, आणि मी घरी येऊन जेवले. आता माझी मुलगी मी तेव्हा होते त्याच वयाची आहे. तिला हे सांगितलं तर ती म्हणते, "आई, तू जेवलीस कशी?" जेवण चांगलं असायचं, एवढंच आठवतं. ढाब्यावर शेवभाजी आणि डाळ तडका, थंडीत मडक्यात भाजलेलं कंद-शेंगांचं उंबाडियू, आणि आतल्या खोलीत आई आमच्यासाठी तांदळाच्या भाकरी आणि सुक्या बोंबलांचा रस्सा करायची. त्या रश्शात ती कच्ची कैरी घालायची. तसा रस्सा मी अजूनही कुठे खाल्लेला नाही.

कॉम्प्युटर आला तेव्हा मी बारावीला तलासरीला जात होते. ढाब्याच्या कोपऱ्यात बाबांनी फोनचा बूथ टाकला होता, त्यातच झेरॉक्सचं मशीन होतं. ड्रायव्हरांना अर्ज टाइप करून लागायचे, कधी गाडीच्या कागदांसाठी, कधी हरवलेल्या लायसन्ससाठी, आणि इकडच्या ऑफिसात मराठीत लिहिलेलं दिलं की काम लवकर होतं असं सगळे म्हणायचे. बाबांनी ते हेरलं. वापीला एक कारखाना बंद पडून त्याच्या ऑफिसातलं सामान विकायला निघालं होतं. दादा टेम्पो घेऊन गेला आणि एक मोठा पांढरट मॉनिटर, खालचा डबा, कीबोर्ड असं सगळं घेऊन आला. दादा म्हणजे निलेश, माझा मोठा भाऊ, मुलखाचा मऊ माणूस. बाबा आसपास नसले की शीळ वाजवत काम करायचा. त्याने वायरी जोडल्या, बटण दाबलं, आणि काळ्या पडद्यावर एक पेंग्विन उभा राहिला.

"हे बदक कसलं?" बाबा म्हणाले.

"पेंग्विन आहे, बाबा. ह्यात विंडोज नाहीये. दुसरंच आहे. लिनक्स."

"म्हणजे खोटा माल दिला तुला?"

"खोटा नाही, वेगळा आहे. शिकून घेतलं तर..."

बाबांचा पंजा त्याच्या कानावर बसला. दादा झेरॉक्सच्या मशीनवर आपटला आणि उठताना पुन्हा एक बसला, त्याच कानावर. संध्याकाळी त्याच्या उशीवर पिवळसर डाग होता. अजूनही तो डाव्या बाजूने बोललेलं ऐकत नाही, मान वळवून उजवा कान पुढे करतो.

ते यंत्र मी हातात घेतलं ते ह्या कानामुळे. दादाला पुन्हा त्याच्यासमोर बसवायचं नव्हतं. तलासरीत कॉम्प्युटरचा क्लास होता, त्यात शिकवायला लता मॅडम होत्या. आशागडच्या, सडसडीत, वयाने माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील, पण साडी अशी नेसायच्या की मुलं आपोआप उभी राहायची. त्यांनी मुंबईला राहून शिक्षण घेतलं होतं आणि परत येऊन हा क्लास काढला होता. मी त्यांना विचारलं, "मॅडम, लिनक्समध्ये प्रोग्राम टाकायचा कसा? मी सीडी घातली, तर काहीच होत नाही."

"विंडोजची सीडी घातलीस ना?" त्या हसल्या. "डबा घेऊन ये इकडे."

डबा मी जीपमध्ये मांडीवर ठेवून नेला. लता मॅडमनी त्यातलं जुनं सगळं पुसलं आणि आपल्याजवळच्या सीड्यांवरून लिनक्स नव्याने टाकलं. टाकताना त्या समजावत होत्या. विंडोजमध्ये प्रोग्राम बाहेरून आणायचा, दोनदा क्लिक करायचं, झालं. इथे ह्या सीड्यांवर प्रोग्रामांचं एक कोठार आहे, आणि जे हवं ते त्या कोठारातून नाव घेऊन मागायचं. पण मागितलेला प्रोग्राम एकटा येत नाही. त्याचं ज्यांच्यावाचून चालत नाही ते दुसरे सगळे त्याच्याबरोबर येतात.

"आणि नको असला तर? काढायचा कसा?"

"काढायचा तसाच, नाव घेऊन. पण तिथेच माणूस फसतो. एक काढला, की त्याच्या आधाराने जे उभे आहेत तेही जातात. यंत्र आधी यादी दाखवतं, हे हे जाणार आहे, चालेल का म्हणून विचारतं. लोक यादी वाचत नाहीत आणि हो म्हणतात. मग रडत माझ्याकडे येतात."

मग त्यांनी पासवर्डचं सांगितलं. रोजच्या टायपिंगला साधं नाव पुरतं. पण काही टाकायचं किंवा काढायचं असलं की हे यंत्र मालकाला विचारल्याशिवाय हात लावू देत नाही.

"मालक म्हणजे बाबा?" मी विचारलं.

"त्याला बाबा-बिबा कळत नाही. ज्याला मालकाचा पासवर्ड माहीत, तो मालक."

तो पासवर्ड मी ठरवला, मी टाकला. माझ्या आयुष्यात माझी म्हणावी अशी ती पहिली गोष्ट असेल, कारण आमच्या घरात माझ्या पेटीलासुद्धा कडी नव्हती.

त्यानंतरचे काही महिने मला सुखाचे म्हणून आठवतात, हे आता लिहिताना मलाच नवल वाटतं. कारण मार काही थांबला नव्हता. पंक्चरवाल्याकडून आणलेली ट्रकच्या ट्यूबची एक पट्टी बाबांनी खिळ्याला टांगून ठेवली होती आणि ती आईच्या पाठीवर पडली की ओल्या फडक्यासारखा आवाज यायचा. पण दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की मी बूथमध्ये बसायचे आणि त्या अनोळखी यंत्रात एकेक गोष्ट टाकून बघायचे. मराठी टायपिंगसाठी फॉन्ट टाकले. त्यांनी आपल्याबरोबर आणखी तीन-चार गोष्टी ओढून आणल्या, त्या कशासाठी ते मी मॅडमना विचारून घेतलं. पत्त्यांचे खेळ काढून टाकले, कारण वेटर तिथेच चिकटून बसायचे आणि मग बाबांच्या हाती लागायचे. काढताना प्रत्येक वेळी ती यादी मी बोट ठेवून वाचायचे. एकदा एक साधं घड्याळ काढायला गेले तर यादीत निम्मं यंत्रच निघालं. मी घाईने नाही म्हटलं. पडद्यावर पहिल्यांदा मराठी उमटलं तेव्हा दादाने त्याचा कागद काढून बूथच्या काचेवर चिकटवला, "येथे अर्ज टाइप करून मिळतील". लाडककाका, म्हणजे आमच्या तंदूरवर बसणारे, जवळच्याच पाड्यावरचे, हात पुसत आले आणि ती अक्षरं बघून म्हणाले, "पोरीचा अक्षर बेस हाय." ते अक्षर माझं नव्हतं, यंत्राचं होतं.

अर्जांचं काम चांगलं चालायला लागलं आणि बाबांना त्या यंत्राचा अभिमान वाटू लागला. ते गिऱ्हाइकांना ते दाखवायचे. त्याच अभिमानाने त्यांनी एका दुपारी हरीशभाईला आणलं.

हरीशभाई वापीचा ट्रान्सपोर्टवाला, बाबांच्या पिण्यातला दोस्त. गळ्यात जाड साखळी, अंगाला अत्तराचा वास. त्याच्याकडे गाड्यांच्या हिशेबाच्या प्रोग्रामची एक सीडी होती. ती आमच्या यंत्रात टाकून त्याचं इकडचं काम बाबांच्या बूथमधून चालवायचं असं दोघांनी ठरवलं होतं. मी आत आईबरोबर कांदे कापत होते. मधली भिंत पत्र्याची, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. सीडी आत गेल्याचा आवाज आला. मग हरीशभाईची कुरकुर. तो प्रोग्राम विंडोजचा होता, तो ह्यात चालणार नव्हताच, पण ते त्याला माहीत नव्हतं आणि मला विचारावं असं कुणाच्या मनात आलं नाही.

"शेठ, आमां तो बधो कचरो भरेलो छे," तो म्हणाला. "हा सगळा कचरा पहिला काढायला पडेल, पछी माझा बसेल." थोड्या वेळाने म्हणाला, "पण हा तर पासवर्ड मागतो."

बाबांनी दादाला विचारलं. दादा म्हणाला, "मला नाही माहीत. शैलाला माहीत आहे."

हरीशभाई हसला. "घरनो मालिक कोण छे, शेठ? तुम्ही की छोकरी?"

आईने माझ्या हातातली सुरी काढून घेतली आणि परातीखाली सरकवली. मग बाबांनी हाक मारली. मी दाराच्या पडद्याआडून बाहेर आले आणि पहिला फटका तोंडावर बसला. ओठ दातावर फाटला.

"माझी वस्तू, माझ्या जागेत, आणि परवानगी तुझ्याकडे? सांग काय ते."

"सांगते, बाबा. पण ते काढू नका. आधी यादी वाचा. एक काढलं की बाकीचं..."

त्यांनी माझी वेणी मनगटाला गुंडाळली आणि डोकं काउंटरवर आपटलं. आई बाहेर आली. "अहो, सोडा तिला, सांगतेय ना ती." खिळ्यावरची पट्टी खाली आली आणि आईच्या मानेवर, खांद्यावर, तिने तोंड झाकलं त्या हातांवर पडत राहिली. समोर बाकांवर ड्रायव्हर जेवत होते. कुणी उठलं नाही. एकाने फक्त ताट थोडं बाजूला सरकवलं.

मी पासवर्ड टाकला. माझ्या ओठाचं रक्त कीबोर्डवर गळत होतं आणि एक बटण चिकट झालं होतं. हरीशभाईने मला खुर्चीवरून उठवलं आणि कामाला लागला. जे नाव ओळखीचं नाही ते काढ, हा त्याचा हिशेब. आणि त्याच्या ओळखीचं तिथे काहीच नव्हतं. यंत्र लांबलचक यादी दाखवायचं आणि विचारायचं, हा हो म्हणायचा. पुन्हा विचारायचं, हा हो म्हणायचा. माझे फॉन्ट गेले. टायपिंग गेलं. मी एकदा म्हटलं, "भाई, ह्या यादीत पडदा चालवणारा प्रोग्रामसुद्धा आहे," तर बाबांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. शेवटी त्याने यंत्र बंद करून चालू केलं. चित्र आलं नाही, खिडक्या आल्या नाहीत. सगळा पडदा काळा, आणि वरच्या कोपऱ्यात एक बारीक पांढरी रेघ लुकलुकत होती.

"आ तो मरी गयो," हरीशभाई म्हणाला आणि हात झटकत उभा राहिला. "शेठ, तुमच्या छोकरीने आधीच बिघडवलेला असणार."

बाबा बाहेर गेले. मला वाटलं गेले. ते पंक्चरवाल्याकडून टॉमी घेऊन आले. टॉमी म्हणजे टायर रिमवरून उचकटायची लोखंडी दांडी, हातभर लांब. त्यांचा चेहरा शांत होता, तोच मला जास्त भीतीचा वाटला. ते माझ्याकडे येत होते. मागे झेरॉक्सचं मशीन, बाजूला भिंत, मला जायला जागा नव्हती. दादा मधे आला आणि त्याने उजवा हात वर धरला. हाड मोडल्याचा आवाज मोठा नसतो. सुकी फांदी पोत्यात घालून मोडावी तसा तो आवाज आला आणि दादा गुडघ्यावर बसला. त्याचा हात कोपराच्या वर भलत्याच ठिकाणी वाकला होता. तो ओरडला नाही, नुसता त्या हाताकडे बघत राहिला. बाबांनी टॉमी पुन्हा वर उचलली. खाली दादाचं डोकं होतं.

आई कधी तंदूरपाशी गेली ते मी बघितलं नाही. रोटी काढायच्या सळया तंदूरच्या तोंडाशी असायच्या, त्यातली एक लाडककाकांनी निखाऱ्यांत सारलेली होती. आईने ती ओढून काढली आणि तिचं लाल झालेलं टोक बाबांच्या उचललेल्या हातावर दाबलं. नुसतं टेकवलं नाही, दाबलं आणि धरून ठेवलं. कातडी जळल्याचा वास माझ्या नाकात आधी गेला, त्यांची किंकाळी मागून आली. टॉमी फरशीवर पडली.

"मंदा!" बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात दुखण्यापेक्षा नवल जास्त होतं.

"पुढे ये," आई म्हणाली. "ये तू पुढे. दुसरीकडे लावते."

माझ्या जन्मात मी आईला बाबांशी 'तू' म्हणून बोलताना ऐकलं नव्हतं. बहुतेक बाबांनीही नसेल. ते जळका हात छातीशी धरून उभे राहिले. हरीशभाई केव्हाच गाडीत जाऊन बसला होता. लाडककाकांनी दुसरी सळई उचलली आणि आईच्या शेजारी येऊन उभे राहिले. तेव्हा कुठे बाकावरचा एक वयस्क सरदारजी उठला. त्याने हात धुतले, आमच्याजवळ आला आणि म्हणाला, "बहनजी, बच्चे को लेकर मेरी गाड़ी में बैठो." आईने सळई हातात तशीच धरून आम्हाला पुढे घातलं. ट्रकच्या पायरीवर चढताना तिने ती रस्त्यावर टाकली.

तलासरीच्या दवाखान्यात दादाचा हात लाकडाच्या पट्ट्यांत बांधून दिला आणि तिथून आम्हाला डहाणूला नेलं. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. सांधेल, पण हात पूर्वीसारखा सरळ होणार नाही, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं. आई पोलिसांकडे गेली, मी बरोबर होते. एक बाई शिपाई लिहून घेत होत्या. आईने पहिल्यापासून सगळं सांगितलं, आवाज न चढवता, जेवणात काय काय केलं ते सांगावं तसं. त्यांनी वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "मी पण त्यांना भाजलंय. तेही लिहा." त्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "लिहिते. पण मुलाला वाचवायला भाजलं, असं लिहिते."

लता मॅडमनी क्लासच्या मागची खोली आम्हाला दिली. एक खिडकी, एक नळ, आणि पलीकडून दिवसभर कीबोर्डांचा टकटकाट. हळूहळू आई शाळेतल्या मास्तरांचे डबे करायला लागली. मी सकाळी लहान मुलांना टायपिंग शिकवायचे. पण डोळे मिटले की मला ती काळी स्क्रीन दिसायची. मार आठवावा, दादाचा हात आठवावा, ते कारण असलेलं दुःख होतं. हे यंत्राचं काय होतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. ते मी उभं केलं होतं आणि कुणीतरी न वाचता हो हो म्हणत पाडलं होतं.

बाबा जामिनावर सुटून आले, आणि मग एक दिवस लाडककाका, जे पोटासाठी अजून तंदूरवरच होते, त्यांचा निरोप घेऊन आले. खाली बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "शेठ बोलतं, पोरीने येऊन डबडा चालू करून द्यावा. मग तुमची पेटी घेऊन जा, मी तुमच्या वाटेला येणार नाय."

पेटीत आईच्या साड्या होत्या आणि तिच्या आईने दिलेली पितळेची भांडी. आई म्हणाली, "मला नको पेटी."

"मला जायचंय," मी म्हटलं.

"कशाला?"

"ते नीट करायचंय."

आई म्हणाली, "सकाळी जा. मॅडमना घेऊन जा. आणि दाराकडे तोंड करून बस."

आम्ही सकाळच्या जीपने गेलो. ढाबा तसाच होता, फक्त टेबलं मळली होती. बाबांच्या हाताला पट्टी होती आणि दाढी वाढली होती. त्यांनी बोटाने यंत्र दाखवलं. मी सीड्या काढल्या आणि कामाला लागले. यंत्राने विचारलं, ह्यावरचं सगळं पुसू का? मी मागे न वळता सांगितलं, "जुनं काही राहणार नाही."

"नको राहायला," बाबा म्हणाले.

एकामागून एक सीडी आत गेली. फॉन्ट टाकले, टायपिंग टाकलं, प्रिंटर लावला. लता मॅडम दारात उभ्या होत्या. बाहेर लाडककाका आईची पेटी जीपमध्ये चढवत होते, ती पत्र्याला घासल्याचा आवाज आला. मी एक ओळ टाइप करून कागद काढून बघितला. सगळं चालत होतं. मालकाचा पासवर्ड तेवढा राहिला होता; यंत्र नव्याने उभं करताना तो शेवटी ठरवला तरी चालतं. मी तो टाकला नाही. मी खुर्चीवरून उठले आणि म्हटलं, "बाबा, हा तुम्ही टाका. ह्यापुढे यंत्र तुम्हालाच विचारेल. मला माहीत असायला नको."

ते बसले. उजव्या हाताला पट्टी, म्हणून डाव्या हाताच्या एका बोटाने त्यांनी एक बटण दाबलं, मग दुसरं. पडद्यावर काहीच उमटलं नाही. ह्या यंत्रात तो पासवर्ड टाकताना असंच होतं, चांदण्याही दिसत नाहीत, ठिपकेही नाहीत, कुणी मागून बघत असेल तर किती अक्षरं आहेत तेही कळू नये म्हणून.

"उमटत नाही," बाबा म्हणाले.

"उमटणार नाही. दाखवत नाही, पण आत जातं. पुरं करा आणि एंटर दाबा. मग पुन्हा तेच टाका."

त्यांनी टाकलं. पुन्हा टाकलं. दोन्ही जुळले नाहीत, यंत्राने परत विचारलं. ते पुन्हा पहिल्यापासून लागले. घाम त्यांच्या कानामागून मानेवर उतरत होता. पुन्हा जुळलं नाही.

"मला दाखवत नाही?" ते म्हणाले.

"कुणालाच दाखवत नाही, बाबा."

त्यांची मान वळली नाही, पण खांदा वर झालेला मी बघितला. तो खांदा मी लहानपणापासून ओळखत होते. मी पिशवी उचलली आणि दाराबाहेर पडले. लता मॅडमनी माझा दंड धरला, आम्ही दोघी जीपकडे चालत निघालो, पळालो नाही. मागे बाकडं आपटल्याचा आवाज आला, आणि मग मॉनिटर फुटला. जुने मॉनिटर नुसते तडकत नाहीत, टायर फुटावा तसे फुटतात. रांगेतल्या ट्रकांतून ड्रायव्हरांनी डोकी बाहेर काढली. बाबांचं ओरडणं ऐकू येत होतं, शिव्या होत्या, माझं नाव होतं, आईचं होतं, त्या यंत्राचंही काहीतरी होतं. मी वळून बघितलं नाही. लाडककाका आधीच पेटीवर बसलेले होते. "मी पण येतो," ते ड्रायव्हरला म्हणाले, आणि त्यानंतर ते त्या तंदूरवर कधी गेले नाहीत.

बाबा पुढे बरीच वर्षं जगले. आमच्या वाटेला आले नाहीत, तो शब्द त्यांनी पाळला. का पाळला ते मला माहीत नाही आणि मी त्याचा विचार करणंही सोडून दिलं आहे.

आम्ही पोहोचलो तेव्हा आईचे डबे गेले होते आणि ती दादाला जेवायला वाढत होती. तिने पेटीकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे, मग माझ्या हातांकडे. कुठे काही लागलेलं नाही हे तिने आधी बघून घेतलं.

"चालू झालं का ते?" तिने विचारलं.

"झालं होतं," मी म्हटलं.

दादाने उजवा कान माझ्याकडे केला. "काय म्हणालीस?"

"चालू करून दिलं," आई त्याला म्हणाली, आणि माझ्यासाठी ताट घेतलं. मी हात धुऊन बसले. भात गरम होता, वर पातळ डाळ. पहिला घास घेतल्यावर मला कळलं की मला किती दिवसांची भूक लागली आहे. आई वाढत राहिली आणि मी पातेलं रिकामं होईपर्यंत जेवत राहिले.